बेरजेचा पडताळा: दादाभाईंच्या तक्त्यापासून स्प्रेडशीटपर्यंत



आजचा विषय आहे संगणकावरच्या स्प्रेडशीटच्या मदतीनं अर्थशास्त्र शिकणं. काहींना वाटेल, हा तर संगणकाच्या क्लासचा विषय झाला; इतिहासाच्या व्याख्यानमालेत तो कशाला? एमएस-सीआयटीच्या वर्गात आपल्याकडच्या लाखो मुलामुलींनी एक्सेल शिकून घेतलेलं आहे. रकाने आखायचे, बेरीज करायची, आलेख काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं. त्यात इतिहास कुठून आला?

माझं म्हणणं असं की अर्थशास्त्रातले मोठे वाद बऱ्याचदा एखाद्या तक्त्यावरून झालेले आहेत. तो तक्ता कोणी मांडला, त्यात कोणते आकडे गृहीत धरले, आणि तो पुन्हा मांडून बघण्याची सोय कोणाला होती, या तीन प्रश्नांवर त्या वादांचा निकाल बराचसा अवलंबून राहिला. स्प्रेडशीट आली आणि यातला तिसरा प्रश्न बदलला. हे कसं झालं ते मी आज तीन तक्त्यांच्या आधारे सांगणार आहे. पहिला मुंबईतला, १८७६ सालचा. दुसरा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा. आणि तिसरा अमेरिकेतला, ज्यातली चूक २०१३ साली एका विद्यार्थ्यानं शोधून काढली.

दादाभाईंचा तक्ता

१८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. प्रश्न साधा होता: या देशात माणशी वर्षाला उत्पन्न किती? सरकारी अहवाल सांगत होते की देशाची भरभराट होते आहे. रेल्वे वाढतेय, व्यापार वाढतोय. दादाभाईंचं म्हणणं, ठीक आहे, पण ती भरभराट भागिले माणसं किती, ते आधी काढा.

त्यांची पद्धत आजही वर्गात शिकवावी अशी आहे. प्रांतवार घ्यायचं. कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन, एकरी उतारा किती, बाजारभाव काय. तिघांचा गुणाकार. सगळ्या पिकांची बेरीज, त्यातून बियाण्याची वजावट. मग त्यात अफू, मीठ, कोळसा, हस्तोद्योग वगैरेंची भर. शेवटी हाती आले सुमारे ३४ कोटी पौंड. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या त्यांनी धरली १७ कोटी. म्हणजे माणशी दोन पौंड, चाळीस शिलिंग, त्या काळच्या दरानं वीस रुपये. वर्षाला, बरं का. हा हिशेब १८६७-६८ च्या सुमाराचा.

मग त्यांनी दुसरा रकाना मांडला. माणसाला नुसतं जिवंत राहायला काय लागतं? बोटीवरून परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांना जो शिधा ठरवलेला होता, तांदूळ किंवा पीठ, डाळ, भाजी, तूप, तेल, मीठ, त्याची किंमत त्यांनी प्रांतवार काढली. ती भरली सोळा ते पस्तीस रुपये. पहिला रकाना वीस, दुसरा सोळा ते पस्तीस. दारिद्र्यरेषा हा शब्द तेव्हा नव्हता, पण रेषा तिथं आखली गेली.

मला मात्र आज वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. सरकारी अहवालात प्रांताचा सरासरी उतारा दिलेला असे. दादाभाईंनी दाखवून दिलं की ही सरासरीच चुकीच्या रीतीनं काढलेली आहे. प्रत्येक जिल्ह्याचा एकरी उतारा घ्यायचा, बेरीज करायची, जिल्ह्यांच्या संख्येनं भागायचं, अशी ती रीत होती. कोणत्या जिल्ह्यात जमीन किती, याचा विचारच नाही!

उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. एका जिल्ह्यात १ लाख एकर, एकरी उतारा ४०० पौंड वजनाचा. दुसऱ्यात फक्त १० हजार एकर, पण पाण्याखालची, उतारा १००० पौंड. अहवालाच्या रीतीनं सरासरी आली ७००. आता खरी काढा. पहिल्यातून ४ कोटी पौंड धान्य, दुसऱ्यातून १ कोटी. एकूण ५ कोटी, भागिले १ लाख १० हजार एकर. उत्तर साधारण ४५५. सातशे कुठं आणि साडेचारशे कुठं! धान्याचा एक दाणा न वाढता कागदावर प्रांत दीडपट सुपीक झाला.

याला आपण आज भारित सरासरी म्हणतो. अकरावीच्या पुस्तकात असते. मुलं सूत्र पाठ करतात आणि विसरतात. दादाभाईंच्या दृष्टीनं तो पोटाचा प्रश्न होता. सरासरी फुगली की सारा वाढवायला आधार मिळतो. हा भारांचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

पाण्याचं यंत्र आणि योजनेचं गणित

दादाभाईंच्या तक्त्यात वर्ष एकच होतं. अर्थव्यवस्था मात्र सतत चालू असते. आजचं उत्पन्न उद्याची बचत ठरवतं, बचतीतून गुंतवणूक होते, गुंतवणुकीतून परवाचं उत्पन्न. हे फिरणारं चक्र विद्यार्थ्याला दाखवायचं कसं? फळ्यावर समीकरण लिहिलं तर ते जागचं हलत नाही.

न्यूझीलंडच्या बिल फिलिप्स यांनी यावर १९४९ साली एक तोडगा काढला. मूळचा इंजिनिअर माणूस. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला आणि त्यानं एक यंत्र बांधलं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा, आणि त्यातून वाहणारं रंगीत पाणी. वरून उत्पन्न वाहत येतं. एक फाटा कराकडे, एक बचतीकडे, एक आयातीकडे. उरलेलं उपभोगातून पुन्हा वर. कराची झडप जरा जास्त उघडली की खालची पातळी हळूहळू उतरताना दिसायची. असली यंत्रं जेमतेम डझनभर बनली. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एक आहे. वर्गातल्या मुलाला यात दोन गोष्टी मिळाल्या: परिणाम लगेच होत नाही, झिरपत येतो, आणि ‘समजा, इथं असं केलं तर?’ हा प्रश्न विचारायची मुभा. पण यंत्र एक, मुलं शंभर. झडपेला हात लावायला मिळणार किती जणांना?

त्याच सुमाराला आपल्याकडे हाच प्रश्न वर्गाबाहेर आला. १९५०च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं गणित मांडलं. योजना १९५६ ते १९६१ ची. देशातला पहिला संगणक, एचईसी-२एम, ब्रिटनहून आणून याच संस्थेत बसवला गेला, हा योगायोग नव्हे. आकडेमोडीची भूक तिथं होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा स्वतः बांधलेला टिफ्रॅक पूर्ण रूपात कामाला लागला तो १९६० साली.

महालनोबिसांची मूळ कल्पना दोन रकान्यांची आहे. देशाची गुंतवणूक दोन ठिकाणी जाते. एक, यंत्रं बनवणारी यंत्रं, म्हणजे पोलाद आणि अवजड उद्योग. दोन, लोकांच्या वापराच्या वस्तू. पहिल्या ठिकाणी जास्त घातलं तर आज कापड, धान्य, साबण कमी मिळेल, पण यंत्रं वाढल्यानं पुढे सगळंच वाढेल. सोव्हिएत रशियात फेल्डमन यांनी १९२८ साली अशीच मांडणी केली होती. महालनोबिस तिथवर स्वतंत्र वाटेनं आले, असं मानलं जातं. आता प्रश्न एवढाच, की पुढे म्हणजे किती पुढे?

हे गणित त्या वेळी देशात किती लोक स्वतः करून पाहू शकत होते? समीकरण छापलेलं होतं, गुप्त काहीच नव्हतं. पण वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब, तोही आकडे बदलून चार-पाच वेळा, कागदावर करायचा म्हणजे दिवस जायचे. गुणाकाराची चक्रं असलेलं यंत्र ज्यांच्याकडे, त्यांचा शब्द अखेरचा. टीका झाली नाही असं नाही. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ साली भिन्नमतपत्रिका जोडली. मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली आपलं पुस्तक काढून सांगितलं की पोलादाच्या कारखान्यातला मजूरही रोज जेवतो. धान्य आणि कापड, म्हणजे मजुरीवर ज्या वस्तू घेतल्या जातात त्या आधी वाढवा, नाहीतर योजना तिथंच अडेल. वाद तज्ज्ञांमध्ये झाला. बी.ए.च्या वर्गात त्याचा निष्कर्ष पोचला, गणित पोचलं नाही.

फळ्यावरून पडद्यावर

स्प्रेडशीट हा शब्द संगणकाच्या आधीचा आहे. हिशेबनिसांचा मोठा, दोन पानांवर पसरलेला, रकाने आखलेला कागद, तो स्प्रेडशीट. आपल्याकडे रोजमेळावरून खतावणी करायची आणि खतावणीवरून ताळेबंद, ही तीच शिस्त. एक रक्कम चुकली की पुढची सगळी पानं खोडायची.

हे काम संगणकाला द्यावं ही कल्पना रिचर्ड मॅटेसिच या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९६१ सालीच मांडली होती. पण तेव्हाचे संगणक खोलीएवढे, आणि उत्तर कागदावर छापून यायला वाट पाहावी लागे. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. फळ्यावर तक्ता मांडलेला, त्यातला एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्याच्या मनात आलं, हा फळा स्वतःच आकडे बदलणारा असला तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्यानं व्हिसिकॅल्क बनवलं. १९७९ साली ते अ‍ॅपल टूवर विक्रीला आलं. पुढे १९८३ साली लोटस १-२-३, १९८५ साली मॅकिंटॉशवर एक्सेल, १९८७ साली विंडोजवर एक्सेल.

व्यापाऱ्यांनी ते लगेच उचललं. शिक्षकांना जरा वेळ लागला. सूत्र लिहिलेला सेल हा फिलिप्सच्या झडपेसारखाच आहे. फरक इतकाच, की ही झडप प्रत्येक मुलाच्या टेबलावर आहे. हम्बर्टो बॅरेटो यांच्यासारख्या शिक्षकांनी सूक्ष्म अर्थशास्त्राचं आख्खं पाठ्यपुस्तक एक्सेलवर बेतलं. ते २००९ साली निघालं.

आता आपण महालनोबिसांचं दोन रकान्यांचं गणित स्प्रेडशीटवर मांडू. आकडे पुन्हा माझे, सोयीचे. राष्ट्रीय उत्पन्न १००. त्यात गुंतवणूक १०, उपभोग ९०. यंत्रं बनवणाऱ्या उद्योगात १ रुपया घातला की पुढच्या वर्षापासून ०.२ रुपयाची यंत्रं जास्त मिळतात. वापराच्या वस्तूंत १ रुपया घातला तर ०.४ रुपयाच्या वस्तू जास्त. हे चार आकडे वरच्या सेलमध्ये ठेवा. पाचवा आकडा धोरणाचा: गुंतवणुकीतला किती हिस्सा अवजड उद्योगाला? दोन सूत्रं लिहायची. पुढच्या वर्षीची गुंतवणूक म्हणजे या वर्षीची, अधिक तिचा अवजड हिस्सा गुणिले ०.२. पुढच्या वर्षीचा उपभोग म्हणजे या वर्षीचा, अधिक गुंतवणुकीचा उरलेला हिस्सा गुणिले ०.४. सूत्र खाली ओढत पंचवीस ओळी न्या. दहा मिनिटांचं काम.

आधी अवजड उद्योगाला २० टक्के देऊन बघा, मग ५० टक्के. पाचव्या वर्षी लोकांचा उपभोग पहिल्या मार्गानं १०७.३, दुसऱ्या मार्गानं १०२.२. दहाव्या वर्षी १२८.४ आणि १२१.९. अजून मागेच. पंधराव्या वर्षापर्यंत अवजड उद्योगाचा मार्ग मागेच राहतो. सोळाव्या वर्षी तो पुढे जातो, १५९.८ विरुद्ध १६१.९. आणि पंचविसाव्या वर्षी चित्र पालटतं: २२३ कुठं आणि २८७ कुठं!

इथपर्यंत आलं की विद्यार्थ्याला महालनोबिस कळतात. हा माणूस हट्टी नव्हता. दूरचं बघत होता. पण थांबा. वरच्या सेलमधल्या ०.२ च्या जागी ०.१ टाका. म्हणजे समजा, कारखाने वेळेवर उभे राहिले नाहीत, यंत्रं निम्म्या ताकदीनं चालली. आता ओळी आणखी खाली ओढाव्या लागतात, कारण दुसरा मार्ग पुढे जातो तो थेट एकोणतिसाव्या वर्षी. सोळाच्या जागी एकोणतीस. एका सेलमध्ये एक आकडा बदलला आणि मधे एक पिढी गेली. त्या पिढीनं काय खायचं, हा वकील-ब्रह्मानंदांचा प्रश्न. तो आता तुमच्या पडद्यावर दिसतो आहे, कोणी सांगावा लागत नाही.

चार रकान्यांचा धडा

योजनेसाठी महालनोबिसांनी पुढे चार क्षेत्रांचा तक्ता केला, आणि हे आकडे त्यांचे आहेत. पाच वर्षांत एकूण गुंतवणूक ५,६०० कोटी रुपये. तिसरा हिस्सा अवजड उद्योगाला, हा आधीच ठरवलेला. उरलेला पैसा कारखान्यातल्या वापराच्या वस्तू, शेतीसह गृहोद्योग, आणि सेवा या तिघांत असा वाटायचा की उत्पन्न वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल आणि १ कोटी १० लाख लोकांना काम मिळेल.

प्रत्येक क्षेत्राला दोन आकडे जोडलेले. एक रुपया घातल्यावर उत्पन्न किती वाढतं: अवजड उद्योगात ०.२०, कारखान्यातल्या वस्तूंत ०.३५, गृहोद्योगात १.२५, सेवांत ०.४५. आणि एका माणसाला काम द्यायला भांडवल किती लागतं: अनुक्रमे २०,०००, ८,७५०, २,५०० आणि ३,७५० रुपये. उत्तर आलं: अवजड उद्योग १,८५० कोटी, कारखाने ९८०, गृहोद्योग १,१८०, सेवा १,६०० (बेरजेत दहा कोटींचा फरक हा पूर्णांक करण्याचा). स्प्रेडशीटवर गुणाकार करून बघा. उत्पन्नाची वाढ २,९०० कोटी आणि रोजगार ११० लाख बरोबर जुळतात.

आता एखादी चौकस मुलगी काय करेल? ती म्हणेल, सर, गृहोद्योगात तर रुपयाला सव्वा रुपया मिळतोय आणि अडीच हजारात एका माणसाला काम मिळतंय. मग कारखान्याचा आणि सेवांचाही पैसा तिथंच का नाही टाकायचा? टाकून बघा. अवजड उद्योगाचे १,८५० कोटी तसेच ठेवा, उरलेले ३,७५० कोटी गृहोद्योगाला द्या. उत्पन्नाची वाढ २,९०० वरून सुमारे ५,०५७ कोटींवर जाते. रोजगार ११० लाखांवरून १५९ लाखांवर. दोन्ही उद्दिष्टं एकदम!

ही मुलगी एकटी नाही. जपानी अर्थतज्ज्ञ र्‍युतारो कोमिया यांनी १९५९ साली नेमकं हेच दाखवून दिलं होतं: याच तक्त्यातले आकडे खरे मानले तर ही वाटणी सगळ्यात चांगली नाही. त्यांना त्यासाठी नियतकालिकात टिपण लिहावं लागलं. तुम्हाला दोन सेल बदलावे लागले.

पण खरा धडा याच्या पुढे आहे. गृहोद्योगात सगळा पैसा टाकावा, असं त्यातून सिद्ध होतं का? नाही. एवढं हातमागाचं कापड, एवढी मडकी, एवढं गुऱ्हाळांचं उत्पादन घेणार कोण? एवढ्या हातमागांना सूत कुठून येणार? दुप्पट-तिप्पट पैसा घातला तरी सव्वा रुपयाच मिळत राहील, हे कशावरून? तक्त्यात मागणीचा रकानाच नाही. एका क्षेत्राला दुसऱ्याचा कच्चा माल लागतो, याचाही नाही. सेल भरलेले असतात तेव्हा न आखलेला रकाना दिसत नाही. तो दिसायला तक्ता ताणावा लागतो, टोकाला नेऊन बघावा लागतो. विचित्र उत्तर आलं की समजायचं, काहीतरी राहिलंय. अर्थशास्त्र शिकण्याची ही मला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली रीत आहे.

जाता जाता पुण्याचा एक दाखला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली आला. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये, ही त्यांची किमान खर्चाची रेषा. तिच्याखाली ग्रामीण ४० टक्के आणि शहरी ५० टक्के लोक. खर्चाच्या गटांचे असे तक्ते आज विद्यार्थ्याला मिळतात. रेषेच्या सेलमध्ये थोडा बदल करून बघावा. रेषेच्या आसपास माणसांची गर्दी किती आहे, ते कळतं. गरिबी घटली-वाढली या बातमीकडे तो मग वेगळ्या नजरेनं बघतो.

एका गृहपाठाची गोष्ट

आता तिसरा तक्ता. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा निबंध आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा दर कोसळतो, असं त्यातून निघत होतं. वीस प्रगत देश, १९४६ ते २००९; कर्ज ९० टक्क्यांच्या वर असतानाची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के. युरोपात मंदी होती. सरकारी खर्च कापावा असं म्हणणाऱ्यांना आयताच आधार मिळाला. अमेरिकेत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावातही तो आला. शिक्षक, परिचारिका, पेन्शनर, सगळ्यांच्या पोटाशी हा आकडा भिडला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या एका वर्गात गृहपाठ होता: छापून आलेला एखादा निबंध घ्या आणि तेच उत्तर तुम्हाला मिळतं का बघा. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं हा निबंध घेतला. उत्तर काही जुळेना. त्यानं लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली, आणि त्यांनी ती पाठवली. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. सरासरीचं सूत्र ३०व्या ओळीपासून ४९व्या ओळीपर्यंत हवं होतं. ते ४४व्या ओळीवरच थांबलं होतं. वर्णानुक्रमातले पहिले पाच देश, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क, बाहेर राहिले. मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांबरोबर २०१३ साली हर्न्डननं हे प्रसिद्ध केलं. त्यांच्या हिशेबानं ती सरासरी उणे ०.१ नव्हती, अधिक २.२ टक्के होती.

वर्तमानपत्रांत मथळे झाले ते एक्सेलच्या चुकीचे. पण ओळी सुटल्याचा परिणाम होता फक्त ०.३ चा. मोठा फरक पडला दुसरीकडे. ब्रिटन १९ वर्षं ९० टक्क्यांच्या वर होता आणि सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं धरलं होतं एकच वर्ष, १९५१, वाढ उणे ७.६. तक्त्यात दोघांना भार सारखा! नुसत्या या दोघांची सरासरी काढा. देशवार काढली तर उणे २.६. वर्षांच्या भारानं काढली तर अधिक १.९. शिवाय न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही वर्षं हिशेबात नव्हती. ती घेतली तर पाच वर्षांची सरासरी निघते अधिक २.६.

ओळखीचं वाटतंय ना? जिल्ह्यांची सरासरी, एकरांचा भार न देता. दादाभाईंनी १८७६ साली ज्यावर बोट ठेवलं, तोच प्रश्न १३७ वर्षांनी.

राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी ओळींची चूक मान्य केली. भारांच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. एका देशाची लागोपाठची १९ वर्षं म्हणजे १९ स्वतंत्र पुरावे नव्हेत; ती एकाच गोष्टीची १९ प्रकरणं असू शकतात. मग ब्रिटनला एकोणीसपट भार देणंही बरोबर नाही. शेतीच्या उताऱ्यात असा पेच नव्हता. तिथं एकर म्हणजे एकर. इथं आहे. म्हणजे चुकलेली ओळ स्प्रेडशीट दाखवते, पण भार कोणता द्यायचा हे ती ठरवत नाही. ते अर्थशास्त्र ठरवतं, आणि आपण का ठरवलं ते उघड सांगावं लागतं.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तीन सूचना करून थांबतो. गृहीतकांचे आकडे सूत्रात पुरू नका. वर वेगळ्या सेलमध्ये, नाव लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला ते बदलून बघता येतील. तयार तक्ता मिळाला तर आधी त्याचं छापलेलं उत्तर स्वतः काढा, मगच त्यावर मत द्या. आणि एखादा आकडा टोकाला नेऊन बघा. तक्ता तिथं काय बोलतो ते ऐका. याला महागडा संगणक लागत नाही. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये हे सगळं होतं, आणि साध्या मोबाइलवरही बरंचसं होतं.

दादाभाईंना एकरांचे आणि भावांचे आकडे सरकारी अहवालांतून वेचावे लागले आणि प्रत्येक गुणाकार हातानं करावा लागला. आज जिल्ह्याजिल्ह्याचे पिकांचे, पावसाचे, किमतींचे आकडे शाळकरी मुलालाही मिळतात. आपल्या तालुक्याची सरासरी कोणत्या भारानं काढली आहे, एवढा एक प्रश्न घेऊन बसलं तरी एका सत्राचा अभ्यास होईल. महालनोबिसांचा चार रकान्यांचा तक्ता मी आता पडद्यावर उघडा ठेवतो. कोणता सेल बदलून बघायचा ते तुम्ही सांगा. प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.